सातबाऱ्यावर नसलेली खाडी

नदीच्या मुखाशी गोडे पाणी बाहेर रेटते आणि भरती खारे पाणी आत ढकलते. वरून येणारा प्रवाह घटला की खारेपणाची हद्द आत सरकते. या अतिक्रमणासाठी समुद्राला कोणाचीच मंजुरी लागत नाही.

नर्मदेपुरती ती मंजुरी १९७९ सालीच मिळाली म्हणायची. जलविवाद लवादाने चार वर्षांपैकी तीन वर्षे भरवशाचे धरलेले २८० लाख एकर-फूट पाणी वाटून दिले : मध्य प्रदेशाला १८२.५ लाख, गुजरातला ९०, राजस्थानला ५ आणि महाराष्ट्राला २.५. बेरीज बरोबर २८० लाख भरते, थेंबभरही शिल्लक नाही. राजस्थानातून नर्मदा वाहत नाही, तरी त्याला हिस्सा आहे. नर्मदा जिथे संपते त्या भडोचच्या खाडीचे नाव मात्र सातबाऱ्यावर चढलेच नाही. समुद्राला मिळालेले पाणी ‘वाया गेले’ असेच समजण्याची आपली रीत.

सरदार सरोवराखाली नदीत सोडायचे पाणी पुढे ६०० क्युसेक ठरले. वाटलेले सगळे पाणी वर्षभर सारखे वाहिले असते, तर प्रवाह साधारण ३८ हजार क्युसेक भरला असता. म्हणजे नदीच्या वाट्याला दीड टक्का आणि समोर खंभातच्या आखाताची भरती, देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक! निकाल लागायला पंचांग पाहावे लागत नाही. उन्हाळ्यात भडोचपाशी नदी खारट होते, काठच्या विहिरी मचूळ होतात. पावसाळ्यात गोड्या पाण्याच्या लोंढ्याबरोबर अंडी घालायला वर चढणारा पाला मासा कमी होत जातो.

खाडीला पाणी मिळतच नाही, असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये धरणाचे दरवाजे उघडले आणि भडोच-अंकलेश्वरच्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. थकबाकी एकरकमी चुकती झाली, फक्त ती लोकांच्या घरात जमा झाली. खारे पाणी मागे रेटायला लागतो तो मात्र उन्हाळ्यातला रोजचा प्रवाह, आणि तो नेमका कालव्यात असतो.

वरच्या धरणाने आत आणलेला समुद्र थोपवायला आता मुखापासून सुमारे २५ किलोमीटरवर भाडभूतला दरवाजांचा बंधारा बांधायला घेतला आहे. त्याच्यामागे गोड्या पाण्याचा साठा होईल आणि भरती दारातूनच परत जाईल. पाला मासाही याच वाटेने येतो, म्हणून मच्छीमारांचा विरोध आहे. बंधाऱ्याखालच्या २५ किलोमीटरांत मात्र समुद्राने पाणी कितीही खारे करावे, कोणाची हरकत नाही.