मूर्ती आमची, नाव त्यांचं

१९९८ साली ब्रिटनच्या विकर्स कंपनीने रोल्स-रॉइस मोटारींचा धंदा विकला. बीएमडब्ल्यूने ३४ कोटी पौंड देऊ केले. फोक्सवॅगनने ४३ कोटी मोजून बाजी मारली. इंग्लंडातल्या क्रू गावचा कारखाना मिळाला, बेंटली मिळाली, बॉनेटवरची ती वाऱ्यावर वस्त्र उडवणाऱ्या बाईची मूर्ती मिळाली. समोरच्या जाळीचा ग्रीक देवळासारखा आकारसुद्धा मिळाला.

एक किरकोळ वस्तू तेवढी राहून गेली. नाव!

ते होतं विमानांची इंजिनं बनवणाऱ्या दुसऱ्याच रोल्स-रॉइसकडे. तिने ते बीएमडब्ल्यूला दिलं, अवघ्या ४ कोटींत. वाडा घेणाऱ्याच्या हाती वासे आले, दारावरची पाटी शेजाऱ्याने नेली. त्यातून त्या वेळच्या रोल्स-रॉइसचं इंजिनही बीएमडब्ल्यूचंच, म्हणजे नाक दाबायची सोय आधीच झालेली.

शेवटी तह झाला. २००२ संपेपर्यंत रोल्स-रॉइस फोक्सवॅगनने बनवायची; १ जानेवारी २००३ पासून बीएमडब्ल्यूने, गुडवुडला नवा कारखाना उभारून. मूर्ती आणि जाळीही मग तिकडेच गेली. मधली साडेचार वर्षं एक जर्मन कंपनी दुसऱ्या जर्मन कंपनीचं इंजिन बसवून अस्सल इंग्रजी खानदान विकत होती, आणि गिऱ्हाईकही ते खानदान कौतुकाने मिरवत होतं.

फोक्सवॅगनचं म्हणणं, आम्हाला मुळात बेंटलीच हवी होती. असेलही. ४३ कोटी मोजल्यावर एवढं म्हणायचा हक्क कुणालाही असतो.