पडद्यावर काय आलंय?

आमच्या शनिवार पेठेत पत्ता विचारणाऱ्याला 'माहीत नाही' असं उत्तर मिळत नाही. ओंकारेश्वराकडून चालत आलेल्या पाहुण्याला वीर मारुतीपाशी थांबवून मेहुणपुऱ्याचे तीन रस्ते सांगितले जातात. त्यातला एखादा बरोबरही असतो. पण 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द पेठेतल्या तोंडाच्या वळणी पडलेले नाहीत. माझ्या तर मुळीच नव्हते. १९९९ साली घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून त्यावरून इंटरनेट चालू करायचं मी मनावर घेतलं, तेव्हा मोडेम ताळ्यावर यायला दोन महिने लागले. मला जरा जास्त.

लिनक्सच का, याचं खरं उत्तर 'फुकट होतं' हे आहे. 'पीसी क्वेस्ट' मासिकाच्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. मासिकाच्या किमतीत मासिक आणि वर आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम, तीही चोरीची नव्हे, हा व्यवहार सोडणारा माणूस आमच्या पेठेत राहत नाही. चारचौघांत मात्र मी थोरलं कारण सांगत असे. १९९१ साली आपल्या पुण्यात सी-डॅकनं 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण छंद म्हणून एक छोटी सिस्टिम लिहितो आहोत असं जगाला कळवलं. आता देशोदेशीचे लोक मिळून ती लिहितात, तिला कुणी एक मालक नाही, कुणीही आतून उघडून बघावी. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आदर दिसे. त्यातलं कुणी माझ्या घरी आलं असतं, तर त्याला पडद्यावर 'एल आय' ही दोनच अक्षरं दिसली असती.

त्याचं असं होतं. कॉम्प्युटर सुरू होताना लिनक्सला जागं करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव 'लिलो'. त्याच्या कामाची एकेक पायरी पार पडली, की तो स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर पडद्यावर उमटवायचा. चारही अक्षरं आली की गाडी सुटली. माझा लिलो दोन अक्षरांवर थांबला आणि रात्रभर थांबून राहिला. बायकोनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "काय म्हणतोय?"

"लि," मी म्हटलं.

ते निस्तरलं, तर सीडी अडकली. लिनक्समध्ये सीडी नुसती आत सारून भागत नसे. ती 'माउंट' करायची, म्हणजे पाहुणा घरात घेतल्याची वर्दी द्यायची; आणि काढण्याआधी 'यूमाउंट' करायची. आज्ञा 'अनमाउंट' अशी नाही. मधला 'एन' कुणीतरी काटकसरीनं गाळलाय. निरोप दिल्याशिवाय ट्रे बाहेर येत नाही, बटण कितीही दाबा. मी निरोप दिला, तर मशीन म्हणालं, 'डिव्हाइस इज बिझी.' दोन संध्याकाळी गेल्यावर उमगलं, की मी स्वतःच त्या सीडीच्या फोल्डरमध्ये जाऊन बसलो होतो. उंबऱ्यावर फतकल मारून 'पाहुणे जात कसे नाहीत' म्हणायचं, तसं.

मग सॉफ्टवेअर. गाणी वाजवणारा एक प्रोग्रॅम हवा होता. तो म्हणाला, आधी अमुक लायब्ररी आणा. ती आणली तर ती म्हणाली, मला तमुक आवृत्तीची दुसरी लागते. दुसरीला तिसरी लागत होती, आणि तिसरी आणली असती तर पहिल्यापासून चालू असलेलं काहीतरी बंद पडणार होतं. वाड्यात भाड्यानं राहिलेल्या माणसाला हे नवं नाही. रेशन कार्डासाठी राहण्याचा पुरावा, पुराव्यासाठी लाइटचं बिल, बिल मालकांच्या नावावर, मालक वारलेले, आणि त्यांची मुलं कोर्टात.

हे सगळं मी कुणालाही न विचारता, दात-ओठ खात निभावलं. हरलो तो मोडेमपाशी.

मेहुणपुऱ्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा राहायचा. त्याला लिनक्समधलं कळतं अशी बोलवा होती. मी त्याच्याकडे विचारायला गेलो नाही. सहज तिकडून चाललो होतो. परीक्षा कधी, मेस कशी आहे, लिनक्स शिकवतात का रे तुम्हाला, असं वळणावळणानं बोलून झाल्यावर तोच म्हणाला, "काका, काय अडलंय?"

"अडलं असं नाही. मोडेम जरा चालत नाही."

"चालत नाही म्हणजे?"

"म्हणजे... चालत नाही."

"पडद्यावर काय आलंय?"

"काहीतरी इंग्रजीत आलं होतं."

"काय आलं होतं?"

"पुसलं मी."

त्यानं कपाळावर हात मारला नाही, हे त्याच्या घरचं वळण. एवढंच म्हणाला, "आता जे येईल ते वहीत उतरवून ठेवा. अक्षरन् अक्षर."

मुलीची एक दुरेघी वही अर्धी कोरी होती. तीत मी उतरवायला लागलो. ओळींच्या मध्ये अक्षर बसवायचं म्हणजे हात सावकाश चालतो, आणि हात सावकाश चालला की डोळेही सावकाश वाचतात. चौथ्या-पाचव्या पानावर ध्यानात आलं, की मशीन इतके दिवस मला कुठं दुखतंय ते नेमकं सांगत होतं. मीच, पाहुण्यांसमोर पोरानं घरचं काही बोलू नये म्हणून त्याचं तोंड दाबावं, तसा घाईघाईनं पडदा पुसत होतो.

वहीतली पहिली दोन पानं वाचून मुलगा म्हणाला, "काका, हा विनमोडेम आहे." मोडेमचं काम म्हणजे कॉम्प्युटरच्या आकड्यांचं फोनच्या तारेतून जाणाऱ्या आवाजात रूपांतर करायचं आणि उलट. स्वस्तातल्या मोडेमवर त्यासाठी लागणारं डोकंच बसवलेलं नसायचं. ते सगळं गणित कॉम्प्युटरनं करायचं, आणि करायचं कसं हे सांगणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजपुरतं मिळायचं. म्हणजे लग्नाला आचारी ठरवावा आणि त्यानं येऊन म्हणावं, भाजी तुम्ही चिरा, फोडणी तुम्ही द्या, मीठ तुम्ही बघा. मी झारा धरतो. लिनक्सकडे त्याची पाककृती नव्हती. बनवणारे ती देत नव्हते. काही मोडेमांच्या बाबतीत जगातल्या हौशी लोकांनी पुढं ती मिळवली. माझा त्यात नव्हता.

मग बँकेतल्या एका सहकाऱ्याचा जुना, बाहेरून जोडायचा मोडेम आणला. पाटीएवढा डबा, समोर तांबड्या दिव्यांची ओळ. त्याची केबल आणायला तापकीर गल्लीत गेलो. दुकानदारानं विचारलं, "नऊ पिनी की पंचवीस?" मी म्हटलं, "मोडेमची." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि एक केबल दिली. दुसऱ्या दिवशी ती बदलून आणताना मी वहीत चित्र काढून नेलं होतं: कॉम्प्युटरकडे नऊ, मोडेमकडे पंचवीस.

आता दिवे लागले, पण डबा म्हणाला, 'नो डायलटोन.' सवाई गंधर्व महोत्सवाचे दिवस होते. महोत्सव तेव्हा रमणबागेच्या पटांगणात भरायचा आणि तानपुऱ्याचा षड्ज आमच्या खिडकीतून घरात यायचा. बाहेर सूर लागलेला, रिसीव्हर कानाला लावावा तर त्यातही सूर लागलेला, आणि मोडेम म्हणतोय, सूरच नाही. मुलगा म्हणाला, त्याचा कान परदेशातल्या एक्स्चेंजवर तयार झालाय. आपल्या एक्स्चेंजचा सूर त्याला सूर वाटत नाही. मोडेमशी बोलण्याची एक भाषा असते. १९८१ साली हेज नावाच्या कंपनीनं आपल्या मोडेमसाठी ठरवली आणि पुढं सगळ्यांनीच उचलली. तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य 'एटी'नं, म्हणजे 'अटेन्शन'नं सुरू होतं. तिच्यात 'एक्स थ्री' म्हटलं, की मोडेम सुराची वाट न बघता सरळ नंबर फिरवतो. म्हटलं. फिरवला. पलीकडून ती प्रसिद्ध किंकाळी, मग खरखर, मग शांतता. जोडलं गेलं!

आणि अर्ध्या मिनिटात तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. वहीची सहा पानं भरली. मुलानं ती पाहिली आणि म्हणाला, "मला नाही माहीत, काका." त्याचं वय पाहून मी ते मनावर घेतलं नाही. "शनिवारी माझ्याबरोबर चला," तो म्हणाला.

पुण्यात लिनक्सवाल्यांचा एक गट आहे, पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप. सगळे त्याला 'प्लग' म्हणतात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ही मंडळी जमायची. मॉडेल कॉलनीतली सिंबायोसिसची कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट ही त्यांची पुष्कळ वर्षांची जागा. वर्गणी नाही, फी नाही. ज्याला येतं तो ज्याला येत नाही त्याला सांगायचा. स्कूटरच्या पायापाशी चादरीत गुंडाळलेला सीपीयू ठेवून, दोन्ही पायांनी तो सांभाळत, मी शनिवार पेठेतून शनिवारी नदी ओलांडली.

तिथं एक शांत गृहस्थ होते. आमच्या मुलाच्या मते या विषयातले देव. त्यांनी माझी दुरेघी वही पहिल्यापासून वाचली. एकदा मान वर करून "हे स्वतः लिहिलंत?" असं विचारलं. मग सहावं पान दोनदा वाचलं, आणि तीसेक माणसांसमोर, आवाज जराही न उतरवता म्हणाले, "माहीत नाही. बघू या."

मी हादरलो. पेठेबाहेर असं होतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळेपणाचा मागमूस नव्हता. भोवतालच्या कुणाला त्यांची पत उतरल्यासारखंही वाटलं नाही. त्यांनी कीबोर्ड ओढला, डायल करणाऱ्या 'डब्ल्यूव्हीडायल' या प्रोग्रॅमचं माहितीपान उघडलं आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागले. पाठ असलेली माणसं वाचत नाहीत. हे वाचत होते. एका ओळीवर थांबले, हसले आणि पडदा माझ्याकडे वळवला. तिथं एका कळीचं नाव होतं: 'स्टुपिड मोड'.

सगळे हसले. मी सगळ्यांत शेवटी.

पण अर्थ मोठा सरळ होता. फोन जोडला गेला की पलीकडचं मशीन नाव-गाव विचारतं. डब्ल्यूव्हीडायल हुशार, पलीकडून आलेल्या मजकुरावरून काय विचारलं असेल याचा तो अंदाज बांधतो आणि उत्तर देऊ पाहतो. अंदाज चुकला की दोघं एकमेकांकडे बघत बसतात आणि शेवटी कुणीतरी फोन ठेवतो. स्टुपिड मोडमध्ये तो अंदाज बांधतच नाही. जोडलं गेल्याबरोबर पुढचं बोलणं ज्याचं काम आहे त्या प्रोग्रॅमच्या हाती देतो आणि बाजूला होतो.

घरी येऊन, दार लोटून, मी ती ओळ फाइलीत लिहिली. स्टुपिड मोड बरोबर १. एक म्हणजे हो. किंकाळी झाली, खरखर झाली, तांबडा दिवा लागला आणि लागूनच राहिला. पहिलं पान उघडेपर्यंत बायकोची कणीक मळून झाली होती, पण उघडलं.

पुढं मी त्या ओळीचा पुष्कळ विचार केला. मोडेममध्ये बिघाड नव्हता, तारेत नव्हता. हुशारी आड येत होती. शनिवार पेठेत जन्मून चाळीस वर्षं मी तेच करत आलो होतो. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी त्याला काय म्हणायचंय ते ओळखायचं, आणि चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ठोकून द्यायचं. हे थांबवायला माणसातही तशी एक कळ असावी आणि ती आपली आपण दाबता यावी, हे मला एका फुकटच्या सीडीनं शिकवलं.

त्याला आता पाव शतक झालं. वाड्याच्या जागी इमारत आली, मोडेम भंगारात गेला. माझा विनमोडेम ज्याला ओळखता आला नाही, त्या लिनक्सवर २०१७च्या नोव्हेंबरपासून जगातले पहिले पाचशेच्या पाचशे महासंगणक चालतात. अँड्रॉइडच्या पोटातही तोच आहे, म्हणजे कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या हातातही तोच. २००४ साली रेड हॅट कंपनीनं 'लोहित' नावाचे भारतीय भाषांचे फॉन्ट खुले केले. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या टोपीला शोभणारा. स्वयंसेवकांनी लिनक्सचे मेनू, सूचना, चुकांचे निरोप मराठीत आणले. फोनही मराठीत बोलू लागले. मला वाटलं, चला, आता प्रश्न मिटला. आता लोक वाचतील.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. "भाऊजी, माझं इंटरनेट चालत नाही."

"पडद्यावर काय आलंय?"

"काहीतरी मराठीत आलं होतं."

"काय आलं होतं?"

"पुसलं मी."

मी कपाळावर हात मारला नाही. दुरेघी वही हल्ली सहज मिळते, तेव्हा वाचकहो, माझी एवढीच विनंती आहे: काही बंद पडलं तर पुसण्याआधी वाचा, वाचाल ते उतरवा, आणि मग खुशाल या. मला माहीत असलं तर सांगीन. नसलं तर 'माहीत नाही' म्हणून तुमच्या शेजारी वाचायला बसेन. पत्ता विचारायला मात्र येऊ नका. तेवढ्यापुरती माझी अजून तयारी झालेली नाही.