निळा डाग

"काऊन वं बाई, परवापासून तुमच्याकडं काय ठोकून राहिले?" काकूंनी कुंपणावरून मान काढली.

"नका विचारू काकू. भिंत फोडली. उदई लागली म्हणे."

"मायबाई! कुठं दिसली?"

दिसली नव्हती, तीच तर गंमत. मृगाच्या पहिल्या सरीनंतर ट्यूबलाइटखाली पंखांचा सडा पडला आणि आमचा पोट्टा घाबरला. त्यानं नागपूरहून क्यामेरेवाला बोलावला. कोरोनात कपाळासमोर धरायचे ना ती बंदूक, तिची ही मोठी बहीण. भिंतीसमोर धरली की पडद्यावर गरम ते लाल-पिवळं, थंड ते निळं.

"त्यात उदई चालताना दिसते?"

"नाही न काकू. मलाही वाटलं, एक्सरेसारखं आरपार दिसन. पण तो फक्त भिंतीच्या कातडीचा ताप पाहते. उदई मातीच्या नळीतून ओल आणते, तिथं गारवा येते. आत मोठी वस्ती असली तर उलट ऊब येते. आपण अंदाज बांधायचा."

"आन् आला कधी तो?"

"भर बारा वाजता!"

काकू हसल्या. सर येऊन गेली तरी वर्ध्याचं ऊन हटलं नव्हतं. भिंती तव्यासारख्या, सगळा पडदा लाल. फक्त खिडकीखाली एक निळा डाग. पोट्टा ओरडला, सापडली! ह्यांचं म्हणणं होतं, आधी ठोकून पाहू, पेचकस टोचून पाहू, ओल मोजू. ऐकते कोण. आता फुटाफुटावर भोकं पाडून औषध भरायच्या गोष्टी चालल्या होत्या.

"मंग काय निघालं?"

"पाणी. तुमच्या कूलरचं."

काकू क्षणभर गप्प. मग पदर खोचला. "नळी मी तुळशीकडं सोडली होती. तुमच्याकडं कशी वळली, मले काय माहीत?" आणि बाण परतवायचा म्हणून, "आमच्या सासऱ्यानं क्यामेरा पाहिला नाही कधी. रोज चौकटी बोटानं वाजवायचे. सागाच्या गाभ्याले उदई सहसा तोंड लावत नाही, पण वरचं पांढरं लाकूड आन् आंब्याची चौकट आवडीनं खाते. सेवाग्रामात पाय. १९३६ साली बापू आले, तवापासूनच्या त्या माती-बांबूच्या झोपड्या. ज्या भिंतीवर सारवणाचा हात फिरते, तिथं मातीची रेघ उठली की दिसते. तुम्ही भिंतीले कपाट लावता, मागं कोण पायते?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, फरशीला तडे जातात. उदईला आयती वाट. पण मला वेगळंच खटकत होतं. डाग कूलरचा असेल. ते पंख कुठून आले?

काकूंच्या मागं, कुंपणाला टेकून, दोन वर्षांच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता.

"काकू, चुलीले लागतात का अजून त्या?"

"गॅस आहे वं. पण फेकवत नाही." बोलता बोलता त्यांनी एक काडी ओढली. ती हातातच मोडली आणि आतून ओली माती पायावर सांडली. मातीत पांढरं काहीतरी वळवळत होतं.

आम्ही दोघी एकमेकींकडं पाहत राहिलो.

"हळू बोल," काकू म्हणाल्या, "काका ओसरीतच बसून हाये. मागच्याच साली म्हणत होते, विकून टाक म्हणून."