दर्या आणि वजाबाकी

स्वतःच्या लहान होडीतून खाऱ्या पाण्यात मासे गरवायला जाण्याच्या मोहिमेचे दोन भाग असतात: आखणी आणि प्रत्यक्ष प्रवास. पहिला भाग पुण्यात किंवा ठाण्यात, पंख्याखाली, चहाच्या जोडीने पार पडतो आणि महिनोन्‌महिने चालतो. दुसरा चार तासांत उरकतो. आखणी जसजशी पुढे सरकते तसतशी मोहीम मोठी होते, असा नवशिक्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ती लहान होत जाते. अंतर, दिवस, माणसे आणि मासे यांतून एकेक गोष्ट वजा करत जे शिल्लक राहते, तेवढीच मोहीम. मालवणच्या दक्षिणेला देवबागपाशी कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथल्या एखाद्या माडाच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवलेली 16 फुटी फायबरची होडी, तिचे 15 अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आणि शहरात राहणारा तिचा मालक, एवढ्या सामग्रीवर हे शास्त्र समजावून सांगता येते.

आखणीला नकाशापासून सुरुवात होते आणि नकाशात अँग्रिया बँक असते. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर समुद्रात बुडालेले हे प्रवाळांचे पठार कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाते. तिथे मासा अमाप आहे यावर बैठकीत एकमत होते, कारण बैठकीतले कोणीही तिथे गेलेले नसते. मग कोणीतरी पेट्रोलचा विषय काढतो. चार माणसे आणि सामान घेतलेली अशी होडी ताशी 15 किलोमीटर धरली, तर नुसते पोहोचायलाच सात तास लागतात. तासाला सहा लिटर या दराने 42 लिटर पेट्रोल जाते. दर्यावर्दी लोकांचा जुना नियम सांगतो, की इंधनाचा एक भाग जायला, एक यायला आणि एक राखून ठेवायला. म्हणजे 126 लिटर. एवढ्या पेट्रोलचे वजन नव्वद किलोंच्या वर जाते, तेव्हा एक धष्टपुष्ट सदस्य किनाऱ्यावर ठेवावा लागतो. तो सदस्य बहुधा मालकाचा मेहुणा असतो आणि पेट्रोलचे पैसे त्यानेच दिलेले असतात.

त्यामुळे हिशोब उलट्या बाजूने मांडला जातो. इंजिनाबरोबर आलेल्या टाकीत 24 लिटर मावतात. ते चार तास पुरतात. तीन भाग केले, की जाण्याच्या वाट्याला एक तास वीस मिनिटे येतात, म्हणजे 20 किलोमीटर. बैठकीत हा आकडा अपमानास्पद वाटतो. समुद्रात तो वाटत नाही. होडीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून मीटरभर उंचीवर असतात आणि तेवढ्या उंचीवरून क्षितिज साडेतीन किलोमीटरवरच संपते. पुढचे साडेसोळा किलोमीटर विश्वासावर काढायचे असतात.

यानंतर कायद्याची वजाबाकी येते. मालवणच्या किनाऱ्यालगत 1987 साली सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे पाणी त्याच्या गाभ्यात येते. तटाच्या सावलीत गळ टाकून बसल्याचे जे छायाचित्र मनात आधीच काढून झालेले असते, ते इथे रद्द होते. मासेमारीच्या नौकेची नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडे असतो. सहलीच्या नौकेचे प्रकरण मेरीटाइम बोर्डाकडे जाते. होडी नेमकी कशासाठी आहे, हा प्रश्न अशा रीतीने प्रथमच गांभीर्याने विचारला जातो. मालक मासेमारी म्हणतो, घरचे सहल म्हणतात आणि आजवरचे मासे मोजले तर घरच्यांचे म्हणणे खरे ठरते.

मग दिनदर्शिका उघडली जाते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बंदी उठली तरी दर्या लगेच शांत होत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी बांधव होड्या लोटतात, पण 16 फुटी होडीने आणखी दोन महिने ताडपत्रीखालीच राहणे बरे. ऑक्टोबर ते मे हा काळ उरतो. त्यातून दिवाळी, लग्नाच्या तिथी, मुलांच्या परीक्षा आणि ‘या वर्षी तरी सगळे मिळून कुठे जाऊ या’ हा मे महिना वजा होतो.

उरलेल्या दिवसांतून नेमका दिवस भरती-ओहोटी निवडते. कोकणात यासाठी यंत्र लागत नाही. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पहाटे म्हणा वा दुपारी. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांत हाच हिशोब. हा मेळ मुंबईकडे चांगला बसतो, दक्षिणेला भरती थोडी आधी येते. पक्की वेळ छापील तक्त्यातच पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि तितकेच उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी आळसावलेले असते.

ही वेळ पाहण्याचे कारण नदीच्या मुखाशी असते. तिथे वाळूची दांडी साचते, पाणी उथळ होते आणि बाहेरून येणारी लाट त्या उथळावर फुटते. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून वारा आला, तर तीच लाट उभी राहते. म्हणून पहाटे चढत्या पाण्यावर निघावे आणि भरती ओसरू लागण्याच्या आत परतावे. सहाला निघून नऊ-दहाला यायचे, तर भरती नऊच्या सुमारास हवी. एकादशीला भरती सव्वाआठची, वेळ चालण्यासारखी. पण मासे धरायला उपवासाच्या दिवशी जाणे घरात मांडता येत नाही. द्वादशी आणि त्रयोदशी उरतात. सुट्टी शनिवारी आणि रविवारी. शनिवार मारुतीचा. तेव्हा रविवारी पडणारी द्वादशी किंवा त्रयोदशी शोधायची. पावसाळा सोडला तर वर्षात असे चार-पाच दिवस निघतात आणि त्यांतल्या दोन दिवशी मेहुण्याकडे वास्तुशांत असते.

हवामानाची चौकशी दोन ठिकाणी करतात. लाटांची उंची आणि मासा कुठे असण्याचा संभव आहे, याचे अंदाज इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था देते. तिचे कार्यालय हैदराबादला, म्हणजे समुद्रापासून चांगल्यापैकी दूर आहे. अंदाज उपग्रहांवरून आणि समुद्रात सोडलेल्या उपकरणांवरून येतात, त्यामुळे ते मालवणात बसून काढलेल्या अंदाजांपेक्षा वाईट नसतात. दुसरी चौकशी ज्यांच्या आवारात होडी ठेवली आहे त्या काकांकडे फोनवर होते. ‘काका, रविवारी दर्या कसा असेल?’ या प्रश्नाला ‘रविवारी समजात’ असे उत्तर मिळते. हे उत्तर आजपर्यंत चुकलेले नाही.

प्रवास शनिवारी पहाटे सुरू होतो. पुण्याहून कोल्हापूर आणि पुढे गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट. मुंबईकरांसाठी गोवा महामार्ग, ज्याच्या रुंदीकरणामुळे वाहन चालवताना लाटांचा सराव आधीच होतो. होडी कोकणात असते, पण इंजिन दुरुस्तीसाठी शहरात आणलेले असते. ते छत्तीसेक किलोंचे धूड गाडीच्या मागच्या जागेत चादर पांघरून झोपते. त्याचा पेट्रोलचा वास घाटातल्या वळणांना चांगली साथ देतो. परिणामी समुद्र दिसायच्या आधीच एका सदस्याला समुद्र लागतो. मळमळीवरची गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यायची असते. ती गाडीत बसतानाच घ्यावी, असे या मार्गाचे वैशिष्ट्य आहे.

चमूत चार माणसे असतात. पहिला मालक. तो सुकाणूवर बसतो, कारण दुसऱ्या कोणाला बसू देत नाही. दुसऱ्याने व्हिडिओ पाहिलेले असतात. त्याच्याकडे चमचमते खोटे मासे, महाग रीळ आणि बारा खिशांचे जाकीट असते. तिसऱ्याला फक्त तळलेला मासा ओळखता येतो. चौथा मेहुणा. चौघांनाही जीवरक्षक जाकीट घालणे आवश्यक असते आणि चौघांनाही ते छायाचित्रात वाईट दिसते असे वाटते.

सामानाची यादी लांब असली तरी महत्त्वाच्या वस्तू स्वस्त असतात. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट हवा; नाहीतर नांगर तळ न धरता होडीमागून फरपटत येतो. पाणी उपसायला अर्धा कापलेला प्लास्टिकचा डबा, जादा स्पार्क प्लग, चिमटा, सुरी, पिण्याचे पाणी. इंजिनाची लाल दोरी सुकाणूवाल्याच्या मनगटाला अडकवायची, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन बंद होते आणि होडी त्याला सोडून जात नाही. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेवावा, कारण फोन पाण्यात पडतो. शेवटची वस्तू म्हणजे बूच. होडीच्या मागच्या फळीला, वरामाला, खाली एक भोक असते. किनाऱ्यावर पावसाचे पाणी निघून जावे म्हणून ते उघडे ठेवतात. हे अंगठ्याएवढे बूच हरवू नये म्हणून मालक ते इतक्या जपून ठेवतो, की ते शहरातल्या घरी टेबलाच्या खणात राहते. त्या जागी कापडाची घट्ट चिंधी ठोकून काम भागते. मात्र उपसायचा डबा मेहुण्याच्या हातात द्यावा लागतो.

आमिष पहाटे बाजारात घेतात. ताजी कोळंबी, तिथल्या भाषेत सुंगटं, हे खाडीतल्या बहुतेक माशांना मानवणारे आमिष आहे. अडचण अशी, की ते चमूतल्या तिसऱ्या सदस्यालाही मानवते. अर्धा किलो सुंगटं घेतली तर त्यातली मोठी ‘दुपारी कढीला होतील’ म्हणून बाजूला पडतात आणि बारीक गळाला जातात. माशांना हा भेदभाव कळतो.

पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दिवस तापला, की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. शिडाच्या होड्यांवाले मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. इंजिनवाल्यांनी ही फुकटची सोय नाकारली आहे. सहाला निघायचे ठरलेली होडी ताडपत्री, इंजिन, चिंधी, घावणे-चटणी आणि सामूहिक छायाचित्र आटोपून आठला पाण्यात उतरते. तोपर्यंत काका किनाऱ्यावर येऊन मुखाकडे बघत उभे असतात. दांडीवर पांढरी रेघ फुटताना दिसते. ‘भायर नको. वारो हा,’ एवढेच ते म्हणतात. 20 किलोमीटरही येथे वजा होतात आणि खाडीतले दोन किलोमीटर उरतात. भरतीच्या वेळी खाडीच्या मुखातले पाणी खारेच असते, त्यामुळे मोहिमेच्या व्याख्येला बाध येत नाही.

खाडीत चढत्या पाण्याबरोबर मासा आत येतो. खडकांच्या कडेला तांबोशी, वाळूच्या तळाला मुडदुशे आणि नशीब असेल तर चोणक, ज्याला रायगडात जिताडा म्हणून मान आहे. पापलेटची आशा धरू नये. 2023 साली महाराष्ट्राने त्याला राज्यमासा घोषित केले असले, तरी तो जेलीफिश आणि बारीक तरंगत्या जीवांवर जगतो आणि गळाकडे सहसा लक्ष देत नाही. जाळ्यांच्या बोयांपासून दूर राहावे. पंख्यात तंगूस गुंतला, तर तो सोडवताना जाळेवाल्याची भाषाही ऐकावी लागते.

पहिला मासा बहुतेक वेळा केंड असतो. तो वर येताच पोटात हवा भरून चेंडू होतो, दातांनी तंगूस कापतो आणि विषारी असल्याने खाताही येत नाही. दुसरा शेंगाळा. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचा काटा विषारी असतो. तो लागला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात. चिमटा यासाठीच आणलेला असतो आणि तो गाडीत असतो. दरम्यान चमचमता खोटा मासा खडकात अडकून कायमचा तिथला होतो. भरती थांबली, की पाणी स्थिर होते आणि मासा तोंड उघडणे बंद करतो. तेवढ्या अवधीत मेहुण्याच्या साध्या हातदोऱ्याला चार मुडदुशे लागलेली असतात. डबा खाली ठेवून त्याने हे कधी केले, ते कोणालाच कळत नाही.

दहाच्या सुमारास परत फिरतात. इंजिन गोड्या पाण्यात दहा मिनिटे चालवून आतले मीठ धुवावे, मग पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचत नाही. होडी उलटवून ताडपत्री बांधावी, चिंधी काढून टाकावी. चार मुडदुशांचे वाटप चार माणसांत विनातक्रार होते. मोहिमेचा खर्च त्या चारांनी भागला, तर एकेका मुडदुशाचा भाव बाजारातल्या सुरमईला मागे टाकतो. म्हणून हा भागाकार करण्याची पद्धत नाही. पेट्रोल मात्र टाकीत 20 लिटर शिल्लक असते. ते मेहुण्याच्या गाडीत ओतताना त्यात इंजिनाचे तेल मिसळलेले आहे, ही गोष्ट वेळीच आठवावी.