पानाला अभय, फुलोऱ्याला तुरुंग

गांजाच्या मौजेखातर होणाऱ्या सेवनाला कायदेशीर मान्यता द्यावी की नाही, या प्रश्नावर भारतात जो वाद चालतो, त्यातील दोन्ही पक्ष एका अखंड झाडाविषयी बोलतात. कायद्याने मात्र ते झाड केव्हाच तोडून वाटून टाकले आहे. एनडीपीएस या आद्याक्षरांनी पोलीस ठाण्यापासून वृत्तवाहिन्यांपर्यंत ओळखल्या जाणाऱ्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी अधिनियमानुसार या झाडाची राळ म्हणजे चरस, फुले किंवा फळे धरलेला शेंडा म्हणजे गांजा, आणि शेंड्याची संगत सोडलेली पाने व बिया म्हणजे कायद्याच्या लेखी काहीच नव्हे. या ‘काहीच नव्हे’चा घोटा म्हणजे भांग, आणि ती वाराणसीत किंवा जैसलमेरमध्ये शासनमान्य दुकानात उजळ माथ्याने विकत मिळते. नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य फुलोऱ्यात अधिक व पानात कमी असते हे खरे. परंतु पानात ते मुळीच नसते असे नाही, आणि ही वर्गवारी ठाऊक नसल्यामुळे पान आपले काम चोख बजावते.

हा तोडगा भारतीय संसदेचा स्वतंत्र शोध नव्हे. अमली पदार्थांविषयीच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातच पाने व बिया व्याख्येबाहेर ठेवल्या होत्या, आणि ज्या देशांत गांजा पूर्वापार ओढला जात होता त्यांना ती सवय मोडण्यासाठी, करार अमलात आल्यापासून पंचवीस वर्षांची मुदत दिली होती. शेकडो वर्षांची चिलीम पंचवीस वर्षांत विझवण्याचे हे वेळापत्रक पाळण्यासाठी भारताने मुदत सरत आली असताना कायदा केला आणि तो 14 नोव्हेंबर 1985 रोजी, म्हणजे बालदिनी, लागू केला. मुहूर्त साधण्यात सरकार कमी पडले असे कोणी म्हणू शकणार नाही.

वास्तविक या विषयाचा अभ्यास त्याआधी नव्वद वर्षे पूर्ण होऊन पडला होता. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर 1893 मध्ये नेमलेल्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ने अकराशेहून अधिक साक्षीदार तपासले आणि दुसऱ्याच वर्षी अनेक खंडांचा अहवाल दिला. गांजामुळे वेड लागते, हा त्या काळचा मुख्य आरोप होता आणि त्याला आधार वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांचा होता. आयोगाने त्या वह्या उघडून पाहिल्या, तेव्हा आढळले ते असे की रुग्णासोबत पोलीस जो तक्ता पाठवत त्यात वेडाचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना असे, रकाना कोरा सोडणे दप्तरी शिस्तीत बसत नसे, आणि कारण ठाऊक नसले की ‘गांजा’ लिहून मोकळे होण्याची पद्धत पडली होती. एकेका रुग्णाची फेरचौकशी केल्यावर अशा निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. माफक सेवनाने फारसे बिघडत नाही, अतिरेकाने बिघडते, म्हणून बंदीऐवजी परवाना आणि कर यांनी नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. अहवाल अभ्यासपूर्ण असल्याने तो पुढे कोणी वाचला नाही. रकाना मात्र टिकून राहिला आणि आजकाल तो रात्री नऊच्या चर्चेत भरला जातो.

कायद्याची बारीक कलाकुसर पंचनाम्यात दिसते. गांजाचे वजन एक किलोपर्यंत असल्यास ते ‘अल्प प्रमाण’ आणि शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोच्या पुढे गेल्यास ते ‘व्यापारी प्रमाण’ आणि शिक्षा किमान दहा वर्षे. म्हणजे आरोपीचे तारुण्य काट्यावर ठरते, आणि काट्यावर चढते ते पान, देठ, काडी, बी आणि फुलोरा असे सगळे एकत्र. कोथिंबिरीची जुडी मातीमुळांसकट तोलली तर गिऱ्हाईकसुद्धा हुज्जत घालते; इथे ती हुज्जत उच्च न्यायालयापर्यंत जाऊन घालावी लागते. गांजा म्हणजे केवळ फुलोरा, सबब त्याचेच वजन धरले पाहिजे, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका प्रकरणात अटकपूर्व जामीन देताना स्पष्ट केले.

वर्ष 2020 तर या धोरणाचा कळस मानावे लागेल. मुंबईत चित्रपटसृष्टीतील मंडळींचे जुने व्हॉट्सअॅप संदेश तपासून ग्रॅमग्रॅमचा हिशेब मांडला जात असताना, 2 डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजा सर्वांत कठोर यादीतून काढण्याचा ठराव 27 विरुद्ध 25 मतांनी संमत झाला, आणि त्या 27 मतांत एक मत भारताचे होते.

समर्थकांची तऱ्हाही निराळी नाही. त्यांचे भाषण शंकरापासून सुरू होते, कर्करोगाच्या रुग्णावरून वळते आणि महसुलाच्या आकड्यावर येऊन थांबते. कोवळ्या वयात नित्य ओढणाऱ्यांच्या मेंदूचे काय, हा प्रश्न त्यांच्या वाटेत लागत नाही. महसुलाचे मर्म महाराष्ट्राला तर पूर्वीच कळले आहे. येथे दारूची दुकाने ज्या 1949 च्या कायद्याखाली चालतात, त्याचे नाव दारूबंदी कायदा असे आहे. ‘एम्स’च्या 2019 च्या सर्वेक्षणानुसार देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी, तर भांग, गांजा, चरस घेणारे सगळे मिळून सुमारे 3 कोटी. तेव्हा तीन कोटींमुळे संस्कृती बुडेल ही भीती खरी मानायची, तर सोळा कोटींच्या पेल्यात ती तरंगते कशी, हे विरोधकांनी सांगितले पाहिजे.

अल्प प्रमाण बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी समुपदेशकाकडे पाठवणे आणि पोलिसांना व्यापाऱ्यांच्या मागे लावणे एवढी सुधारणा संसदेला एका अधिवेशनात करता येईल. तोवर होळीला थंडाई घेणाऱ्या वाचकांनी पेल्यात निव्वळ पानच घोटले आहे, याची खात्री करून घ्यावी. आणि पेला महाराष्ट्रात असल्यास पानाच्या परवान्याचीही चौकशी करावी, कारण त्याच दारूबंदी कायद्यात भांगही येते.