तात्यांचं अश्मयुग

दिंडोरी तालुक्यातल्या रामशेजवर जायचंच असेल तर तात्यांना टाळून जावं. आशेवाडीतून पाऊण तासात माथा गाठणारा धडधाकट माणूस त्यांच्याबरोबर तिसऱ्या दगडाशी अडकतो. तात्या उकिडवे बसतात, दगडाला थुंकी लावून अंगठ्याने घासतात आणि म्हणतात, "हा बघा ठोका. माणसाने घातलेला. लाख वर्षं तरी कुठं गेली नाहीत."

मूळ खूळ सांकळियांच्या पुस्तकाचं. ह. धी. सांकळियांनी नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीकाठच्या थरांत अश्मयुगीन हत्यारं शोधली आणि 1952 साली त्यावर पुस्तक काढलं. ते सगळं नदीकाठचं. तात्यांनी एकट्याच्या जिवावर आदिमानवाला रामशेजवर चढवला. "पूर आला की तो जायचा कुठं? वरच की!"

किल्ला त्यांच्या हिशेबी कालचा. 1682 पासून मोगलांनी कैक वर्षं वेढा दिला, वरच्यांनी लाकडाच्या तोफांवर कातडं चढवून मारा केला, हे ऐकताना ते जांभई देतात. मोगलांचा एक मांत्रिक सोन्याचा नाग हातात धरून गडाकडे निघाला आणि छातीत गोफणगुंडा बसून आडवा झाला, ही मोगल इतिहासकार खाफीखानाची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र सावरून बसले. "गुंडा घडवलेला होता की नुसताच?"

घरी पलंगाखाली दगडांच्या गोण्या. त्यातला एक चपटा काकूंनी लसूण ठेचायला लावलाय. हत्यारच ना, मग वापरलं, म्हणतात. कॉलेजातल्या भाच्याने एकदा समजावलं: मामा, जुन्या दगडावर तांबूस साय चढते, हा काळाकुट्ट आहे, कडा कोऱ्या आहेत, हा रोटाव्हेटरने फुटलाय. भाच्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

धाकट्या भावाने बांधाला लागून कांदाचाळ काढली तेव्हा तात्यांचं संशोधन कामी आलं. रातोरात निळी पाटी उभी राहिली: 'संरक्षित आदिमानव तळ. 100 मीटरच्या आत बांधकामास सक्त मनाई.' नियम खोटा नाही, पण तो केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांचा. बांधावर रचलेल्या ढिगाचा नव्हे. तलाठ्याने सातबारा उलटसुलट करून पाहिला, आदिमानवाची नोंद काही सापडेना.

भाऊही तात्यांचाच. आठ दिवसांत त्यालाही आपल्या बाजूला दगड सापडले, आणि ते तात्यांच्या दगडांपेक्षा पन्नास हजार वर्षांनी जुने निघाले. प्रकरण सध्या तंटामुक्ती समितीपुढे आहे.