खाजकुयली : एक प्रादेशिक अभ्यास

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला असलेले डहाणू आणि तलासरी हे तालुके डोंगरभटक्यांच्या लेखनात बहुधा अनुल्लेखानेच मारले जातात. कारण राजगड-तोरण्याच्या वाऱ्या करणाऱ्यांना येथील डोंगर बुटके वाटतात आणि चिकू खायला आलेल्यांना ते दिसतच नाहीत. तथापि घोलवडच्या अंगाला, आसावली धरणाच्या पाठीशी उभ्या असलेल्या बारडाच्या डोंगराला आणि त्यावरील बहारोटच्या गुंफांना इतिहासात निश्चित स्थान आहे. संजाणच्या पाडावानंतर पारशी समाजाने ‘इराणशाह’ हा आपला पवित्र अग्नी या गुंफांत १२ वर्षे जपला, असे त्यांची परंपरा सांगते. पुढे बरेच स्थलांतर होऊन १७४२ पासून तो उदवाड्यास आहे. प्रस्तुत लेखक व त्याचे सोबती यांनी पौषातल्या एका रविवारी हाच डोंगर निवडला, त्यामागे इतिहासप्रेम होते असे म्हणता येते. डोंगर बुटका आहे, हे कारणही अगदीच नाकारता येणार नाही.

पदभ्रमणाच्या मार्गदर्शक पुस्तकांत जे जे न्यावे म्हणून सांगितलेले असते, ते सर्व या मंडळींच्या पाठीवर होते : होकायंत्र, संकटकाळी वाजवायची शिट्टी, दोर, माणशी तीन लिटर पाणी, प्रथमोपचाराची पेटी, आणि पक्षी ओळखण्यासाठी एक दुर्बीण, जिच्यातून ज्याला त्याला वेगळाच पक्षी दिसे. ही पुस्तके बहुतेक बर्फाच्या देशांतील पुस्तकांवरून बेतलेली असल्याने हिमदंश झालेल्या बोटांना ऊब कशी द्यावी याचे त्यांत सविस्तर विवेचन आढळते, पण कोणत्या वेलीला हात लावू नये याविषयी चकार शब्द नसतो. पाड्यावरचे शेंबडे पोर जे जाणते, ते छापील ज्ञानात मोडत नाही, ही समजूत या पुस्तकांच्या कर्त्यांनी कोठून उचलली असेल ती असो, तिचे मोल मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी मानेला चुकवावे लागते.

येथे पायवाटेच्या रुंदीचा प्रश्न उपस्थित होतो. पायवाट कोणी आखत नाही. तिच्यावरून रोज जाणाऱ्यांच्या अंगलटीप्रमाणे ती आपोआप पडते, आणि बारडाच्या वाटा ज्या वारली माणसांनी पाडल्या, ती डोक्यावर लाकडाची मोळी घेऊनही झुडपाचे पान न हलवता निघून जातात. प्रस्तुत लेखकाचा देह मात्र सरकारी कचेरीतील खुर्चीच्या मापाने घडलेला असल्यामुळे वाटेच्या दोन्ही काठांवरील वनस्पतिसृष्टीशी त्याचा एकाच वेळी संबंध येत होता. सोबत्यांपैकी एक जण त्यास निसर्गाशी एकरूप होणे असे म्हणाला. त्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही.

डाव्या काठावर खाजकुयली होती. संस्कृत ग्रंथांत कपिकच्छू म्हणून येणारी ही शेंगवर्गातील वेल पावसाळ्यात झुडपांवर चढते, पावट्यासारखी तीन-तीन पाने धरते, जांभळ्या फुलांचे घोस खाली सोडते आणि थंडीत तिच्या शेंगा वाळतात. शेंग बोटभर लांब, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळलेली, आणि तिच्यावर सोनेरी-तपकिरी लव इतकी दाट की पाहणाऱ्याला गोंजारण्याचा मोह व्हावा. ही लव म्हणजे हजारो सूक्ष्म, टोकदार केस असून धक्का लागताच, किंवा नुसत्या वाऱ्यानेही, ते उडतात आणि त्वचेत रुततात. त्यांत म्युक्युनेन नावाचे विकर असते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. हे विशिष्ट विकर कातडीतल्या मज्जातंतूंना थेट चेतवते, आणि म्हणून खाजेचे संशोधन करणारे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मुद्दाम खाज आणण्यासाठी याच शेंगेचे केस वापरतात. मुद्दाम, हा शब्द वाचकाने पुन्हा एकदा वाचावा.

प्रथम मान, नंतर कोपर, त्यानंतर सदऱ्याच्या आतील भूभाग अशा क्रमाने ही वनस्पती लेखकावर पसरली. प्रथमोपचाराच्या पेटीतून ॲलर्जीची गोळी काढण्यात आली, परंतु अशा गोळ्या हिस्टामिन या द्रव्यामुळे सुटणाऱ्या खाजेला आवरतात आणि खाजकुयलीची खाज मुख्यतः त्या मार्गाने येतच नाही. परिणामी खाज जेथल्या तेथे राहिली आणि लेखकाला झोप येऊ लागली. झोपलेल्या अवस्थेत खाजवणे शक्य आहे, एवढे नवे निरीक्षण यातून हाती आले. मग कोणीतरी अंगावर पाण्याची बाटली रिकामी केली व पाठ खसाखसा चोळली, तेव्हा जे केस तोवर वरच्या अंगापुरते समाधानी होते ते कमरेपर्यंत पोचले. शिट्टी वाजवण्यात आली. ती ऐकून पायथ्याच्या पाड्यावरची सगळी पोरे धावत आली आणि जमिनीवर लोळून हसली.

त्यांच्यामागून एक आजी आल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याची दुसरी बाटली काढून घेतली, गोठ्यातून ताजे शेण आणवले, आणि मानेपासून खाली, एकाच दिशेने, तळव्याने दाबत लिंपायला सुरुवात केली. कुडाची भिंत सारवताना हात जसा चालतो तसाच तो चालत होता. कानामागे बोट पोचले तेव्हा त्यांनी आधी तेथे हलकेच फुंकर घातली, जशी पडलेल्या नातवाच्या गुडघ्यावर घालतात. एवढ्या वयाच्या माणसाला फुंकर मिळण्याचा प्रसंग फारसा येत नाही, आणि थोडा वेळ मंडळींपैकी कोणाला काही बोलणे सुचले नाही.

शेण वाळले की केस त्याला चिकटून निघतात, एवढे या उपचाराचे साधे तंत्र आहे. प्रथमोपचाराच्या पेटीत चिकटपट्टीचे न उघडलेले रीळ होते आणि त्वचेवर ती दाबून ओढल्यानेही तेच साधले असते, हे नंतर लक्षात आले. शेण वाळेपर्यंत उन्हात बसून राहणे आले. वारल्यांची पांढरी चित्रे शेणामातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जातात, आणि याच डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना त्या कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पोरांपैकी एकाने लेखकाची सारवलेली पाठ न्याहाळून दुसऱ्याच्या कानात काही सांगितले, त्यावरून तेथे लग्नाचा अख्खा चौक घोड्यावरच्या नवरानवरीसह मावेल असा त्याचा अंदाज असावा.

डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याची अधिसूचना केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी काढली. या नाजूकपणाची नोंद वेलीच्या बाजूने झालेली आहे. याच वेलीच्या बियांत एल-डोपा हे द्रव्य असते आणि कंपवातावरील औषधांत त्याला मानाचे स्थान आहे, हेही खरे असून लेखक ते आता, घरी बसून, निःपक्षपातीपणे मान्य करतो.

गुंफा इतरांनी पाहिल्या. आत गार वाटते, असे समजते. जवळच्या बोर्डीचा किनारा लांबरुंद आहे. तलासरीतील काजळीजवळचा बल्लाळगड दुसऱ्या दिवशी करायचा होता, तो रद्द झाला. ज्यांना या भागात हिवाळ्यात हिंडायचे आहे त्यांनी बाह्या पूर्ण लांबीच्या घालाव्यात, वारा सुटल्यावर वाळलेल्या वेलींच्या खालून जाऊ नये, पाण्याआधी चिकटपट्टी आठवावी, आणि पाड्यावरचा वाटाड्या घेऊन त्याला योग्य ते पैसे द्यावेत.

परतीच्या डहाणू लोकलमध्ये, जेथे चौथ्या सीटसाठी भांडणे होतात, तेथे लेखकाला तीन माणसांचे अख्खे बाक एकट्याला मिळाले. वाणगावला भाजीच्या टोपल्या घेऊन चढलेल्या एक मावशी तेवढ्या निःशंकपणे शेजारी टेकल्या. त्यांनी कानामागे उरलेले वाळके शेण पाहिले, “खाजकुयली ना?” असे विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता टोपल्या उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.